कमतरतेचा दाखला

धरमपेठेपासून सक्करदऱ्यापर्यंत नागपुरात व्यायामशाळा वाढल्या, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु जो तरुण आज प्रथमच वजन उचलावयास येतो, त्याच्या हाती महिना उलटण्यापूर्वीच प्रथिनांच्या भुकटीचा डबा यावा, आणि त्याची प्रकृती, त्याचा आहार, त्याचे रक्त यांपैकी कशाचीही चौकशी न होता त्या डब्याची शिफारस व्हावी, ही रीत मला घातक वाटते. पूरक म्हणून जे घ्यावयाचे, ते कोणत्या उणिवेला पूरक आहे याची खातरजमा आधी झाली पाहिजे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी माणसास दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोच्या पुरुषास सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने पुरतात. कसून व्यायाम करणाऱ्यास याहून काही अधिक लागतात. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या १०० ग्रॅम डाळीत सुमारे २१ ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीची भाकर, झुणका, घट्ट वरण, दही, मूठभर फुटाणे आणि चालत असल्यास अंडी, एवढ्यांवर हा हिशेब बहुतेकांचा जुळतो. मात्र भाताच्या ढिगावर पातळ वरणाची एक पळी, असे ज्यांचे जेवण आहे त्यांचा तो जुळत नाही, आणि डाळीचे भाव पाहता अशी घरे थोडी नाहीत. त्यांच्या खिशातला पैसा आधी डाळीकडे जावा, डब्याकडे नव्हे. त्याच संस्थेने मे २०२४ मध्ये शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळाव्यात, असे स्पष्ट सांगितले आहे.

डब्यावरच्या आकड्याचीही पडताळणी हवी. प्रथिनांचे मोजमाप सामान्यतः नत्राच्या प्रमाणावरून, त्यास ६.२५ ने गुणून केले जाते. त्यामुळे ग्लायसिनसारखे स्वस्त अमिनो आम्ल मिसळले की अस्सल प्रथिने न वाढता आकडा तेवढा वाढतो. केरळातील वैद्यकांनी ३६ भुकट्या तपासून २०२४ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात सुमारे ७० टक्के डब्यांवरील प्रथिनांचा मजकूर चुकीचा आढळला, आणि काहींत बुरशीजन्य विषही निघाले.

आपल्याच शहराचा एक दावा येथे आठवतो. नागपूरच्या ‘अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट’ या संस्थेच्या अर्जावर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने आयोडीनरहित मिठाच्या विक्रीस मज्जाव करणारा नियम भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरविला. तो निर्णय अधिकारापुरता होता, नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली तोच मज्जाव पुन्हा आला, आणि गलगंड टाळण्यासाठी आयोडीनची थोरवी मीही मानतो; तथापि ज्याला उणीव नाही त्याने ते का घ्यावे, हा अर्जदारांचा प्रश्न लक्षात ठेवण्याजोगा आहे. सरकारच्या फर्मानाला हा प्रश्न विचारणारे आपण जाहिरातीच्या फर्मानाला तो विचारीत नाही, याचा मला खेद होतो.

खरी उणीव असते तेथे पूरकासारखा उपकार नाही. निव्वळ शाकाहारी माणसाला ब १२ जीवनसत्त्वाची गोळी, गर्भवतीला लोह आणि फॉलिक आम्ल, यांबाबत हयगय करू नये. परंतु विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या शरीरात लोह आधीच साचलेले असते. अशा माणसाने फिकटपणा पाहून परस्पर लोहाच्या गोळ्या सुरू केल्यास अपायच होईल. ड जीवनसत्त्वाचेही तसेच. आपले ऊन कितीही कडक असले तरी दुपट्ट्याने तोंड बांधून फिरणाऱ्यांत त्याची कमतरता निघू शकते. परंतु ६०,००० एककांची आठवड्याची पुडी तपासणीविना महिनोन्‌महिने घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा पोहोचू शकते, कारण हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहते.

‘औषधी उपयोगासाठी नाही’ हे शब्द डब्यावर छापण्याचे बंधन २०१६ च्या नियमावलीने घातलेच आहे. आता अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयाने शहरातील दुकानांतून दर तिमाहीस नमुने उचलावेत, त्यांचे निष्कर्ष कंपनीच्या नावानिशी मराठीत प्रसिद्ध करावेत, आणि जेथे प्रशिक्षकच डब्यांचा विक्रेता असतो त्या व्यायामशाळांपासून या तजविजीस आरंभ करावा.