अर्धा गेम, पूर्ण किंमत

पोकेमॉनमध्ये हॉन्टर नावाचं एक भूत आहे. त्याला कितीही लढवा, शंभराव्या लेव्हलपर्यंत न्या, ते स्वतःहून गेंगार होत नाही. त्यासाठी ते दुसऱ्या खेळाडूला पाठवावं लागतं. दुसरा खेळाडू म्हणजे दुसरा कन्सोल, गेमची दुसरी प्रत, आणि हे सगळं परवडणारं दुसरं घर. डोलवीत असं घर शोधून दाखवा.

इथे फोन सगळ्यांच्या खिशात आहे. स्टील प्लांटची शिफ्ट संपवून वडखळ नाक्यावर गाडीची वाट बघणारी पोरं बीजीएमआय खेळताना रोज दिसतात. पण स्विच माझ्या ओळखीत एकट्या माझ्याकडे आहे. म्हणून माझा हॉन्टर हॉन्टरच राहिलाय. हे माझं नशीब नाही, कुणीतरी टेबलावर बसून घेतलेला निर्णय आहे, आणि माझं भांडण त्या निर्णयाशी आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पोकेमॉन माणसं जोडतो. मान्य. सातोशी ताजिरींना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता. गेम बॉयच्या केबलवरून किडे एका यंत्रातून दुसऱ्यात चाललेत, या कल्पनेतून 1996 साली हा खेळ आला. जपानमधल्या ज्या वर्गात दहा पोरांकडे गेम बॉय होता, तिथे ही कल्पना सुंदरच होती. पण जिथे जोडायला दुसरा माणूसच नाही, तिथे तोच नियम दाराला लावलेलं कुलूप होतो.

दोन आवृत्त्यांचंही तेच. स्कार्लेट घेतलात तर लार्विटार मिळेल, बॅगॉन नाही. व्हायोलेट घेतलात तर उलट. गोष्ट तीच, नकाशा तोच, किंमत पूर्ण. प्राणी मात्र वाटून टाकलेले. आमच्या पेणच्या एखाद्या मूर्तिकाराने गणपती विकताना सांगितलं, की याच्यासोबत उंदीर नाही, तो शेजारच्यांच्या मूर्तीबरोबर दिलाय, जाऊन अदलाबदल करा, तर गिऱ्हाईक काय म्हणेल? आपण मात्र याला परंपरा म्हणतो.

'ऑनलाइन ट्रेड कर की,' असं पुण्या-मुंबईचे मित्र सांगतात. त्याला वर्गणी लागते, आणि निन्टेंडोचं भारतासाठी अधिकृत ऑनलाइन दुकानच नाही. म्हणजे परदेशी रीजनचं अकाउंट काढा, तिकडचं कोड-कार्ड कुठून तरी मिळवा. विकत घेतलेल्या गेममधलं एक भूत मोठं करायला एवढी यातायात. घरात भाऊ-बहीण असले तरी सुटका नाही. एका कन्सोलवर दोघांनी वेगवेगळी प्रोफाइल केली, तरी गेमच्या आत त्यांना एकमेकांशी अदलाबदल करता येत नाही.

'तांत्रिक अडचण असेल' असं म्हणणाऱ्यांसाठी एक तारीख सांगतो. जानेवारी 2022 मध्ये याच मालिकेचा 'लेजेंड्स: आर्सेअस' आला. त्यात लिंकिंग कॉर्ड नावाची वस्तू होती. ती हॉन्टरवर वापरली की एकट्या खेळाडूकडेही गेंगार होतो. खेळ बिघडला नाही, कुणाची मैत्री तुटली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्कार्लेट-व्हायोलेट आले, आणि त्यात ही सोय नाही. उपाय सापडला होता, वापरून झाला होता, आणि दहा महिन्यांत परत कपाटात गेला. याला मर्यादा म्हणत नाहीत, मर्जी म्हणतात.

ही मर्जी इतर ठिकाणीही दिसते. समोरचा प्राणी हरला की पुढचा कोणता येणार हे गेम आधीच सांगतो आणि 'तुझा बदलतोस का?' असं विचारतो. ही मदत नको असेल तर ती बंद करायचा 'सेट' पर्याय पहिल्या गेमपासून होता. स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये तो काढला. लढाईतली ॲनिमेशन बंद करायची सोयही काढली. दोन्ही गोष्टी म्हणजे मेनूतली एकेक ओळ. त्या ठेवल्याने नवख्या पोराचं काही बिघडत नव्हतं. काढल्याने जुन्या खेळाडूचा वेळ आणि मजा दोन्ही गेली.

आणि तरी पहिल्या तीन दिवसांत जगभरात एक कोटी प्रती खपल्या. मग कंपनीने बदलायचं कशाला?

बदल केला तो चाहत्यांनी. जुन्या गेमांसाठी हौशी लोकांनी रँडमायझर नावाचं साधन बनवलं. त्यात एक पर्याय आहे: अशक्य उत्क्रांती बदला. शब्द नीट वाचा. ट्रेडने होणाऱ्या उत्क्रांतीला या लोकांनी 'अवघड' म्हटलं नाही, 'अशक्य' म्हटलं. एकट्याने खेळणाऱ्यांसाठी ती तशीच आहे, आणि असे खेळाडू फक्त डोलवीत नाहीत.

माझी मागणी ट्रेड बंद करा अशी नाही. ज्याच्याजवळ मित्र आहे त्याने खुशाल अदलाबदल करावी, त्यात जास्तीचं बक्षीसही ठेवा. पण एकट्यासाठी एक महागडी, कष्टाने मिळणारी दोरी दुकानात असू द्या. वीस तास घाम गाळायला लावा, चालेल. घाम माझ्या हातात आहे. शेजारच्याने स्विच घ्यावा, हे नाही.