दहाव्याच्या आधी येणारा फोन

निधनवार्ता देताना आपण हात आखडता घेत नाही. पूर्ण नाव, वय, कुठल्या खात्यातून निवृत्त झाले, पश्चात पत्नी, मुलगा, सून, विवाहित मुलगी, दशक्रिया कुठल्या घाटावर आणि किती वाजता, सगळं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या शोकसंदेशाखाली घरच्यांचे मोबाइल नंबरही असतात. गावाकडच्यांना कळावं, उशिरा निघालेल्याला घाट सापडावा, म्हणून हे लिहिलेलं असतं आणि त्यात गैर काही नाही. पण तेच भामटाही वाचतो. बाई एकटी राहिली आहे, मुलगा बहुधा परगावी आहे, माणूस पेन्शनर होता म्हणजे फंड आणि विमा असणार, एवढं त्याला बसल्या जागी कळतं.

आमच्या ओळखीतल्या एका घरी असा फोन दहाव्याच्या आधीच आला. आवाज अगदी आदबशीर. “काकू, काकांचं कळलं, फार वाईट झालं. त्यांनी एक पॉलिसी काढली होती, नॉमिनी तुम्ही आहात. सहा लाख चाळीस हजार मंजूर झालेत. जीएसटी तेवढा भरावा लागेल, आज चारपर्यंत भरलात तर बरं, नाहीतर फाइल बंद होते.” काकूंनी जीएसटी भरला. मग टीडीएसचे मागितले, तेही भरले. मग ‘आरबीआयच्या क्लिअरन्स’चे. चौथ्या मागणीला बांगड्या मोडायला निघाल्या, तेव्हा सुनेच्या लक्षात आलं.

काकू चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या. हिशेब त्यांना कळत नाही असं कोण म्हणेल? पुढे त्या मला एवढंच म्हणाल्या, “मला वाटलं, ह्यांनी न सांगता माझी सोय करून ठेवली.” हे ऐकल्यापासून या फसवणुकीला लोभाची फळं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ज्याचा आवाज आता कधीच ऐकू येणार नाही, त्याची माया भामट्याने आपल्या तोंडून ऐकवली. त्या मायेवर विश्वास ठेवणं हा काकूंचा दोष कसा?

याचीच दुसरी तऱ्हा म्हणजे कर्ज. “साहेबांनी आमच्या अ‍ॅपवरून उचल घेतली होती, हप्ते थकलेत.” आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या डोक्यावर ऋण राहू नये ही भावना इतकी खोल आहे, की कागद न बघता मुलं पैसे भरतात. वास्तविक वारस स्वतः जामीन किंवा सहकर्जदार नसेल, तर मृताच्या कर्जाची त्याची जबाबदारी वारशाने जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच असते. खरं कर्ज असेल तर धनको लेखी कागद दाखवेल आणि तेराव्यापर्यंत थांबेलही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की अशा घरातल्या माणसाला ‘सावध राहा’ सांगून काही उपयोग नाही. त्या दिवसांत त्याला भूक कळत नाही, वार कळत नाही. आपल्या गावांत सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारच्या घरून पिठलं-भाकरी येते, कुणी हाक मारायची वाट बघत नाही. फोनचंही तसंच व्हायला हवं. तेरा दिवस घरातल्या बाईचा फोन पुतण्याने, भाचीने, शेजारच्या धडधाकट मुलीने सांभाळावा. शोकसंदेशात नंबर द्यायचा तर त्यांचाच द्यावा. पैशाचं नाव निघालं, की “कागद घरी पाठवा, तेराव्यानंतर बघू” एवढंच म्हणावं आणि ठेवून द्यावं. विम्याचा दावा मंजूर करण्यासाठी वारसाकडून आधी कर भरून घेत नाहीत. आणि विमा नियामक प्राधिकरण लोकांना फोन करून पॉलिसी विकत नाही, बोनसही जाहीर करत नाही, हे प्राधिकरणानेच वारंवार सांगितलं आहे.

गेलेल्या माणसाचं सिम लगेच बंद करू नका. बँक, पेन्शन, फंड यांचे संदेश त्यावरच येतात आणि खोटं उघड व्हायला ते उपयोगी पडतात. पण तो फोन ड्रॉवरमध्ये अनलॉक पडू देऊ नका. सगळी खाती मार्गी लागली, की नंबर रीतसर बंद करा. आधार कार्डधारकाच्या मृत्यूची नोंद करण्याची सोय आता ‘मायआधार’ संकेतस्थळावर आहे.

याहून वाईट वाटतं ते असं, की खोट्या पैशामागे धावताना खरा पैसा पडून राहतो. पासबुक उघडा आणि मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये वजा झालेत का बघा. झाले असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, २ लाखांचं संरक्षण, अर्ज त्याच बँकेच्या शाखेत. माणूस नोकरीत असताना गेला आणि त्याचा पीएफ कापला जात होता, तर ईडीएलआय योजनेतून ७ लाखांपर्यंत रक्कम कुटुंबाला मिळू शकते. जुन्या विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल २०२३ पासून आहे, शोध विनामूल्य. यातलं काहीच आज चारपर्यंत संपत नाही. नवऱ्याने हयातीत एका वहीत पॉलिसी नंबर लिहून बायकोला दाखवले असते, तर त्या फोनला काकूंनी एका वाक्यात गप्प केलं असतं. आपल्या घरांत अजून ती वही निघत नाही, मरणाचं बोलणं अशुभ म्हणून.

आणि पैसे गेलेच, तर बाई बहुतेक वेळा कुणाला सांगत नाही. ‘त्यांची कमाई मी घालवली’ या शरमेने आठवडा जातो. तोवर रक्कम चार खात्यांतून फिरून काढलेली असते. १९३० हा क्रमांक लगेच लावला, तर तक्रार बँकांपर्यंत जाते आणि खात्यात जे शिल्लक असेल ते गोठवता येतं. म्हणून तिने तोंड उघडताच ‘एवढी शिकलेली असून’ हे वाक्य कुणी उच्चारू नये. शेजारी बसून १९३० लावून द्यावा आणि तिचा व्यवहार क्रमांक शोधायला मदत करावी.