फावल्या वेळाचे टाके

दिवाळी आटोपली आणि पहाटेच्या वाऱ्यात गारवा जाणवू लागला, की पेट्या-कपाटांतील गतवर्षीचे स्वेटर बाहेर निघून उन्हात पडतात. कोणाचा कोपर विरलेला असतो, कोणाच्या बाह्या मनगटाच्या चार बोटे वर आलेल्या असतात, तर एखादा कसरीने खाल्लेला निघतो. मुंबई-कोकणातील वाचकांना हे वर्णन किंचित परके वाटेल. परंतु इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली किंवा डेहराडून येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा हिवाळा लोकरीवाचून निभत नाही. अशा वेळी घरातील कोणीतरी सुया शोधू लागते आणि दुसरे कोणीतरी हमखास विचारते, "लुधियान्याचे तयार स्वेटर दुकानात एवढे मिळत असता हा खटाटोप कशासाठी?"

प्रश्न नवा नाही. इंग्लंडातील विल्यम ली याने पायमोजे विणण्याचे यंत्र १५८९ साली तयार केले. म्हणजे विणकामाचे यंत्र सूतगिरण्यांहूनही जुने आहे. यंत्राचा वेग हाताला तेव्हाही गाठता येत नव्हता आणि आजही येत नाही. तरीदेखील चारशेहून अधिक वर्षे हातातील सुया थांबलेल्या नाहीत, याचे कारण काटकसरीपेक्षा निराळे असले पाहिजे. हाताने विणण्यात एक सुख आहे. ते काय आहे, आणि त्याचे मोल घरात कसे केले जाते, याविषयी आज दोन शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम सुखाविषयी. दोन सुयांच्या विणकामाचे सारे शास्त्र दोन टाक्यांवर उभे आहे : सुलट आणि उलट. वस्तुतः हे दोन टाके नव्हेतच. एकाच फाशाच्या त्या दोन बाजू आहेत. समोरून जो सुलट दिसतो तोच मागून उलट दिसतो. प्रत्येक ओळ सुलट विणली तर जाड, सपाट, कडा न वळणारे कापड तयार होते. एक ओळ सुलट व एक उलट विणली तर पृष्ठभाग गुळगुळीत येतो, पण कडा गुंडाळतात. एकाच ओळीत दोन सुलट, दोन उलट असे आळीपाळीने विणले तर कापड रबरासारखे ताणले जाते. म्हणून मनगट, गळा आणि कंबरपट्टी या ठिकाणी तीच वीण घालतात. एवढे समजले की उरलेले बहुतेक नमुने या दोहोंचीच निरनिराळी मांडणी असते.

परप्रांतात राहणाऱ्या भगिनींना शेजारणीकडून शिकताना शब्दांची गंमतही अनुभवास येते. हिंदी बोलणारी शेजारीण सुयांना 'सलाई' म्हणेल, आणि आपण ज्याला 'टाका' म्हणतो त्याला 'फंदा'. ती 'ऊन' आणावयास सांगेल तेव्हा लोकर आणावी; आपले ऊन तर तिच्याही अंगणात फुकट पडलेले असते! शब्द भिन्न असले तरी एकीच्या हातातील अर्धवट काम दुसरीला न सांगता पुढे नेता येते. ओळखीसाठी याहून सोपी वाट क्वचितच सापडेल.

ज्यांनी सुया कधी हाती धरल्या नाहीत त्यांनी गळपट्ट्यापासून आरंभ करावा. मध्यम जाडीची लोकर व चार मिलिमीटरच्या सुया घ्याव्यात, चाळीस टाके घालावेत आणि प्रत्येक ओळ सुलट विणीत जावे. रुंदी साधारण वीस सेंटिमीटर येते. स्वेटर विणावयाचा असेल तर मात्र आधी दहा सेंटिमीटरांहून थोडा मोठा चौकोनी तुकडा विणून टाके मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. समजा, पुस्तकातील नमुन्यात दहा सेंटिमीटरांत वीस टाके धरले आहेत आणि मुलाच्या स्वेटरची पुढची बाजू तीस सेंटिमीटरांची हवी आहे. तेव्हा टाके साठ. आपला हात घट्ट असून त्याच जागेत बावीस टाके बसत असतील, तर साठ टाक्यांची रुंदी सुमारे सत्तावीस सेंटिमीटरच भरेल. पाठीकडेही तेवढीच तूट येईल आणि महिनाभराचे काम मुलाच्या अंगात जाणार नाही.

चूक झाली तरी हताश होण्याचे कारण नाही. एखादा टाका सुईवरून सुटून चार ओळी खाली घसरला, तर क्रोशाची सुई त्या फाशात घालून शिडीच्या पायऱ्या चढल्याप्रमाणे एकेक धागा ओढून घेत त्याला वर आणता येते. सारेच बिघडले तर उसवावे. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यातून काढून सावलीत टांगून वाळवावी. धाग्यातील वेटोळी बरीचशी निघून जातात आणि पुन्हा नवा गुंडा तयार होतो. कापलेले कापड असे परत मिळत नाही. चुकले तरी धागा आपलाच राहतो, हा दिलासा विणकामाच्या सुखात फार मोठा आहे. लोकर खरी की कृत्रिम, याचा संशय असेल तर धाग्याचे टोक चिमट्यात धरून ज्योतीला लावून पाहावे. खरी लोकर जळालेल्या केसासारखी वास मारते व तिची राख बोटांनी चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. चुलीजवळ वावरणाऱ्याच्या अंगावर दुसरा धागा नसावा.

आता मोलाविषयी. वर सांगितलेला गळपट्टाच हिशेबाला घेऊ. या विणीत दहा सेंटिमीटर लांबीला सुमारे चाळीस ओळी लागतात. दीड मीटर लांबीसाठी सहाशे ओळी. प्रत्येक ओळीत चाळीस टाके. एकूण चोवीस हजार टाके झाले. सरावलेला, पण घाई न करणारा हात मिनिटाला वीस टाके विणतो असे धरले, तर बाराशे मिनिटे, म्हणजे पुरते वीस तास. रोज एक तास बसले तर वीस दिवस. हा झाला अगदी साधा गळपट्टा. बाळंतविड्यातील स्वेटर, टोपडे, मोजे आणि दुपटे यांचा हिशेब वाचकांनीच करून पाहावा.

आणि तरी आपल्याकडे या तासांना एक ठरलेले नाव आहे : फावला वेळ. दुपारची भांडी आवरून झाल्यावर, डाळ शिजेपर्यंत, मुलाचा अभ्यास घेता घेता, गाडीच्या प्रवासात जे विणले जाते ते फावल्या वेळातले, म्हणून ते कोणाच्याच हिशेबी नाही. चांगला हात असलेल्या प्रत्येक भगिनीने एक वाक्य ऐकलेले असते : "आमच्या बाळालाही एक विणून द्या ना, लोकर मी आणून देते." विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. लोकरीचे पैसे दिले की स्वेटराची फेड झाली, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. नकार देणे अवघड, पैसे मागणे त्याहून अवघड. म्हणून विणणारी हसून लोकर ठेवून घेते. पुढे सुया हाती घेताना तिला पूर्वीचे सुख लाभत नाही, इतकेच.

ही समजूत घराच्या उंबऱ्याआत राहती तर एक वेळ चालले असते. परंतु तिच्यावर एक व्यापार उभा राहिल्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी आंध्र प्रदेशात जेथे सागराला मिळते, त्या भागात नरसापूर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी तेथील स्त्रियांना क्रोशाची लेस विणण्यास शिकविले. पुढे ती लेस परदेशी जाऊ लागली आणि पंचक्रोशीतील असंख्य घरांत विणली जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषीने तेथे राहून अभ्यास केला आणि तिचे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. तिला जे आढळले ते थोडक्यात असे : घरकाम सांभाळून दिवसाचे कित्येक तास लेस विणणाऱ्या या स्त्रिया कामगार म्हणून कोठेच मोजल्या जात नव्हत्या. त्या 'गृहिणी', आणि त्यांचे विणणे हा 'फावला उद्योग'. त्यामुळे त्यांच्या हाती पडणारी रक्कम अत्यल्प राहिली आणि नफा व्यापाऱ्यांकडे गेला. नरसापूरच्या लेसला २०२४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. कलेच्या नावाला संरक्षण लाभले हे चांगलेच झाले. मात्र तासांचा हिशेब केवळ नावाने पुरा होत नाही.

येथे क्रोशाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन सुयांचे विणकाम यंत्राने केव्हाच आत्मसात केले, पण खरे क्रोशाचे काम अजूनही हातानेच होते. यंत्रावर तयार होते ती केवळ त्यासारखी दिसणारी जाळी. साखळी, खांब, पुन्हा साखळी असा खऱ्या क्रोशाचा एकूण एक टाका कोणाच्या तरी बोटांतून गेलेला असतो. म्हणून बाजारात क्रोशाचे मोठे मेजपोस आश्चर्य वाटावे इतक्या स्वल्प किमतीला मिळाले, तर सौदा साधल्याच्या आनंदाबरोबर एक प्रश्नही मनात यावा : यातील तास कोणी सोसले?

लोकर वा लेस यांना निदान धाग्याची तरी किंमत असते. आपल्या गोधडीला तीही नाही. जुनी लुगडी, धोतरे, विटलेले परकर थरावर थर घालून धावदोऱ्याने शिवले की अंथरूण तयार. बंगालच्या कांथ्यात तर टाक्यांसाठी लागणारा रंगीत दोराही जुन्या साडीच्या काठातून उसवून घेत असत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया 'कवंडी' शिवतात. या समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले; त्यांतील पुष्कळजण गोव्यातील दास्यातून निसटून या अरण्यात आले, आणि आजही त्यांच्या घरांत कोंकणी बोलली जाते. कवंडीच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचे 'फूल' लावल्याखेरीज ती पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. अंथरुणाला त्या फुलाचा उपयोग काहीच नाही. ते केवळ शिवणारीच्या आनंदाचे आहे. बिहारात मुजफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावच्या स्त्रियांनी बाळाच्या दुपट्याची सुजनी ही परंपरा गेल्या काही दशकांत कमाईचे साधन केली, आणि हुंड्यासारख्या विषयांवरील आपले म्हणणेही कापडावर टाक्यांनी मांडले. कापड तेच, धावदोरा तोच. फरक एवढाच की तेथे तास मोजले जाऊ लागले.

यावर कोणी म्हणेल की घरातील मायेच्या कामाला रुपये-आण्यांचा हिशेब लावणे बरे नव्हे. हे म्हणणे अगदी खरे आहे. आजीने नातवासाठी विणलेल्या टोपड्याची पावती कोणी फाडू नये. आमचे सांगणे इतकेच की, देणाऱ्याने किंमत न घेणे निराळे आणि घेणाऱ्याने किंमत नाहीच असे समजणे निराळे. पहिल्यात औदार्य आहे. दुसऱ्यात अज्ञान आहे.

हे अज्ञान घालविण्याचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे घरातील प्रत्येकाने थोडे विणून पाहावे. पुरुषांनी आणि मुलांनीही. यात कमीपणाचे काही नाही. १९२४ साली बेळगाव येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा सभासदांनी वर्गणीदाखल दरमहा दोन हजार वार हातसूत द्यावे असा नियम स्वीकारला गेला. वकील आणि प्राध्यापक टकळी घेऊन बसले. नियम फार काळ टिकला नाही, परंतु एका वाराला किती वेळ लागतो हे ज्यांनी अनुभविले त्यांची कापडाकडे पाहण्याची दृष्टी पालटली असणारच. हिमाचलातील गद्दी मेंढपाळ तर कळपामागून चालता चालता लोकर कातीत आले आहेत. दहा वर्षांच्या मुलाला चाळीस टाक्यांच्या वीस ओळी विणावयास लावाव्यात. त्यानंतर आपला स्वेटर तो शाळेच्या बाकावर विसरून येणार नाही.

तेव्हा वाचक बंधुभगिनींनो, या हिवाळ्यात सुया अवश्य बाहेर काढा. सोबत एक लहानशी वही ठेवा. नव्या कामाच्या आरंभी तारीख लिहा, आणि रोज उठताना त्या दिवसाची मिनिटे टिपा. काम पुरे झाले की बेरीज करा व ती कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून वस्तूबरोबरच द्या : इतके टाके, इतके तास. लोकर आणून देणाऱ्या शेजाऱ्यांनाही ही वही दाखविण्यास संकोचू नका. विकावयाचे असेल तर भाव ठरविण्यास तीच उपयोगी पडेल. आणि ज्या घरात कोणी विणीत बसलेले दिसेल, तेथील इतरांनी तेवढ्यापुरती चुलीवरची डाळ पाहावी. ओळ पुरी होईपर्यंत त्या हातांना उठवू नये.