शेवगाव-पाथर्डीचा अर्थ

अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक झाली. ज्या जिल्ह्यातील चौंडी या गावी १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म झाला, त्या जिल्ह्याने बारा मतदारसंघांतून किती स्त्रिया विधानसभेत पाठविल्या? एक. शेवगाव-पाथर्डीच्या श्रीमती मोनिका राजळे. नामांतरामागील राजकारणाची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु जिल्ह्याला स्त्रीचे नाव देणे सोपे आणि स्त्रीच्या हाती जिल्ह्याची सत्ता देणे कठीण, एवढे या दोन घटनांच्या जवळिकीतून उघड होते. म्हणूनच राजळे यांच्या राजकीय वाटचालीकडे कार्यकर्त्यांनी जरा थांबून पाहिले पाहिजे. त्या आपल्या पक्षाच्या नाहीत, आपल्या विचारांच्याही नाहीत. तरीही पाहिले पाहिजे.

ही वाटचाल थोडक्यात अशी. वृद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याशी ज्या घराण्याचे नाव जोडलेले, त्या कासार पिंपळगावच्या राजळे घराण्याच्या त्या सून. पती राजीव राजळे २००४ साली पाथर्डीतून आमदार झाले. मोनिका राजळे यांचा प्रवेश जिल्हा परिषदेतून झाला. तेथे त्या उपाध्यक्षपदापर्यंत पोहोचल्या. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत पती राष्ट्रवादी काँग्रेसचे उमेदवार होते व पराभूत झाले. त्यानंतर काही महिन्यांतच पत्नी भारतीय जनता पक्षाच्या उमेदवार म्हणून विधानसभेच्या रिंगणात उतरल्या आणि चंद्रशेखर घुले यांचा ५३,१८५ मतांनी पराभव करून निवडून आल्या. २०१७ मध्ये राजीव राजळे यांचे निधन झाले. त्यानंतरची २०१९ ची लढत त्यांनी प्रताप ढाकणे यांच्याविरुद्ध १४,२९४ मतांनी जिंकली. २०२४ मध्ये ढाकणे पुन्हा समोर होते, घुले अपक्ष म्हणून उभे होते, आणि राजळे १९,०४३ मतांनी तिसऱ्यांदा निवडून आल्या.

या आकड्यांतील शेवटचा आकडा नीट वाचावयास हवा. २०२४ मध्ये राजळे यांना ९९,७७५ मते मिळाली, ढाकणे यांना ८०,७३२, आणि घुले यांना सत्तावन्न हजारांहून अधिक. म्हणजे दोन प्रमुख प्रतिस्पर्ध्यांची मते एकत्र केली तर ती विजयी उमेदवारापेक्षा बरीच अधिक होतात. २०१४ च्या लाटेत १,३४,६८५ मते घेणाऱ्या उमेदवाराची मते दहा वर्षांत सुमारे पस्तीस हजारांनी घटली आणि तरी जागा राहिली, ती विरोधकांच्या फुटीमुळे. हा विजय खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या निवडणूक पद्धतीत असे विजय सर्वच पक्ष मिळवितात. परंतु याला जनतेचा निर्विवाद कौल म्हणणे हे आकड्यांशी प्रामाणिकपणाचे होणार नाही.

या वाटचालीविषयी दोन प्रकारची भाषा ऐकू येते आणि दोन्ही आम्हाला अमान्य आहेत. पहिली कुत्सितपणाची: "त्या काय, घराण्याच्या सूनबाई!" ही भाषा बोलणाऱ्यांनी एकदा समोरच्या उमेदवारांकडेही पाहावे. चंद्रशेखर घुले हे मारुतराव घुले पाटलांचे पुत्र. प्रताप ढाकणे हे बबनराव ढाकणे यांचे पुत्र. बबनराव हे जनता पक्षातून आणि ऊसतोड कामगारांच्या संघटनेतून वर आलेले नेते. विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले, १९८९ मध्ये बीडहून लोकसभेत गेले. त्यांनी मिळविलेले स्थान चळवळीचे होते. पुढच्या पिढीत तेही वारशाचे झाले. जिल्ह्यातील विखे, काळे, पाचपुते यांच्या मुलांना "घराण्याचे चिरंजीव" म्हणून कोणी हिणवीत नाही, त्यांना "युवा नेतृत्व" म्हणतात. वारसा मुलाने घेतला तर कर्तृत्व आणि सुनेने घेतला तर बाहुले, हा न्याय कोणता? पतीच्या निधनानंतर दोन अटीतटीच्या निवडणुका जिंकणारी स्त्री कोणाच्या तरी सावलीत उभी आहे असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

दुसरी भाषा उत्सवाची: स्त्री निवडून आली, स्त्रीशक्ती जागी झाली. ही भाषा अधिक गोड, म्हणून अधिक फसवी. एक स्त्री आमदार झाल्याने स्त्रियांचा प्रवेश सत्तेत होत नाही. दार कोणी उघडले आणि ते पुन्हा कोणासाठी उघडेल, हा खरा प्रश्न आहे. नगर जिल्ह्यात हे दार कारखान्याच्या कार्यालयात उघडते. सहकारी साखर कारखाना, त्याच्या भोवती शिक्षणसंस्था, बँक, दूध संघ. कारखान्याचे सभासद, कामगार, वाहतूकदार, तोडणीचे मुकादम. कोणाचा ऊस आधी तुटणार आणि कोणाचा फडात वाळणार हे ठरविण्याची ताकद. या सर्व जाळ्यातून उमेदवार तयार होतो. सहकाराची कल्पना शेतकऱ्याला सावकारापासून मुक्त करण्यासाठी आली. तिच्यातून वतनदारीचे नवे रूप उभे राहिले. या वतनात पुरुष उपलब्ध नसेल, किंवा दुसऱ्या पदावर असेल, तेव्हा स्त्रीची पाळी येते.

२०२४ चेच चित्र पाहा. पारनेरमध्ये खासदार नीलेश लंके यांच्या पत्नी, जिल्हा परिषदेच्या माजी सदस्य राणी लंके उभ्या राहिल्या आणि अवघ्या १,५२६ मतांनी हरल्या. श्रीगोंद्यात भाजपने प्रथम प्रतिभा पाचपुते यांचे नाव जाहीर केले. पुढे उमेदवारी पुत्र विक्रम यांच्याकडे गेली आणि तेच आमदार झाले. त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या अनुराधा नागवडे याही कारखानदार घराण्याच्या सून. कोपरगावात स्नेहलता कोल्हे २०१४ मध्ये निवडून आल्या, २०१९ मध्ये केवळ ८२२ मतांनी पराभूत झाल्या, आणि २०२४ मध्ये त्यांना उभे राहण्याची संधीच उरली नाही, कारण प्रतिस्पर्ध्याचा पक्ष आघाडी बदलून त्यांच्याच पक्षाचा मित्र झाला आणि जागावाटपात मतदारसंघ त्याच्या पदरी पडला. दहा वर्षे बांधलेला मतदारसंघ मुंबईतील एका बैठकीत हातचा जातो. शिर्डीत लोणी खुर्दच्या सरपंच प्रभावती घोगरे यांनी विखे पाटलांना त्यांच्याच अंगणात आव्हान दिले. त्या मोठ्या फरकाने हरल्या, पण चौऱ्याहत्तर हजारांवर मते ग्रामपंचायतीतून आलेल्या स्त्रीला त्या गडात मिळाली, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

आणि जी निवडून आली तिला तिच्या पक्षाने काय दिले? डिसेंबर २०२४ मध्ये बनलेल्या मंत्रिमंडळात चार स्त्रिया आल्या. तीन वेळा निवडून आलेल्या राजळे त्यांत नव्हत्या. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही विधानसभांत २८८ पैकी पंचवीस स्त्रियादेखील निवडून आल्या नाहीत. २०२३ मध्ये संसदेने एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती गाजावाजा करून संमत केली, पण तिच्या अंमलबजावणीला जनगणनेची व मतदारसंघ-पुनर्रचनेची अट जोडली. हुंडी दिली, तारीख मात्र लिहिली नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. राजळे यांची वाट जिल्हा परिषदेतून विधानसभेकडे गेली. लंके यांनीही तेथूनच सुरुवात केली. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्त्रियांसाठी पंचायतराज्याचे दार एक तृतीयांश उघडले. २०११ मध्ये महाराष्ट्राने ते अर्धे उघडले. शालिनीताई विखे, मंजूषा गुंड, राजश्री घुले या जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. ही पदेही बहुतांशी घराण्यांकडेच गेली, हे मान्य. परंतु गटागणांतून आणि ग्रामपंचायतींतून अशा शेकडो स्त्रिया आल्या, ज्यांच्या मागे ना कारखाना होता ना बँक. पाणीपुरवठ्याची फाईल कोठे अडते, रोजगार हमीचे मस्टर कसे भरतात, अभियंत्याला जाब कसा विचारावयाचा, हे त्या शिकल्या. राजकीय शिक्षणाची ही एकमेव मोठी शाळा होती. जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक बसला. आरक्षणाचे वाद न्यायालयात, कारभार अधिकाऱ्यांच्या हाती. याची सर्वात मोठी किंमत कोणी दिली? आमदाराच्या मुलाचे काही अडले नाही. त्याला शिडी लागतच नाही. शिडी काढून घेतली गेली ती सरपंच झालेल्या, पंचायत समितीचे स्वप्न पाहणाऱ्या शेतकरी आणि मजूर स्त्रीची. शिडी नसली की माडीवर तेच राहतात जे माडीवर जन्मले किंवा लग्न होऊन माडीवर आले.

आणि ज्या स्त्रियांच्या नावाने हे सर्व चालते, त्या कोठे आहेत? पाथर्डी हा ऊसतोड कामगारांचा तालुका. दिवाळी सरली की गावे रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. उचल नवऱ्याच्या हाती पडते, हिशेब मुकादमाकडे राहतो, आणि पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच वहीत नसते. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये झालेल्या शासकीय पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर दंड, म्हणून अवयवच काढून टाकावयाचा! कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेऊन कल्याणकारी महामंडळ चालविण्याचे ठरले. पण आयुष्यभर कोयता चालविलेल्या बाईच्या हाती भविष्य निर्वाह निधीचा कागद अजून आलेला नाही. २०२४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा दीड हजार रुपये आले. गरीब बाईच्या हाती पैसा पडतो याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. पण ओवाळणी आणि वाटा यांत फरक असतो. ओवाळणी भावाच्या मर्जीवर, वाटा हक्काचा.

अहिल्याबाईदेखील होळकर घराण्याच्या सूनच होत्या. पती, सासरे आणि पुत्र गेल्यानंतर १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य केले. दार घराण्यानेच उघडले होते. इतिहासाने मात्र त्यांना दारावरून जोखले नाही, कामावरून जोखले. तोच निकष आजच्या लोकप्रतिनिधीला लावावा, आणि त्यात सवलतही नको, तुच्छताही नको. शेवगाव-पाथर्डीच्या आमदारांना मतदारसंघाने तीन प्रश्न विचारावेत. ताजनापूर उपसा सिंचन आणि वांबोरी चारीचे पाणी टोकाच्या गावाला किती वेळा पोहोचले? कारखान्याच्या फडावर पाळणाघर आणि दवाखाना आला काय? ऊसतोड बाईची स्वतंत्र नोंद व स्वतंत्र मजुरी यासाठी सभागृहात किती वेळा आवाज उठला? घराणे कोणते, हे विचारण्याची गरज नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम यातूनच निघते. मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत आणि १९७२ मध्ये विधानसभेत गेल्या, त्या पाण्याच्या आणि महागाईच्या मोर्च्यांतून. त्यांच्यामागे कारखाना नव्हता, हंडे घेऊन चालणाऱ्या बायका होत्या. अच्युतराव पटवर्धन आणि मधू दंडवते ज्या नगरमध्ये जन्मले, त्या जिल्ह्यात असे नेतृत्व उभे राहू शकत नाही असे मानण्याचे कारण नाही. ते तिकीटवाटपाच्या बैठकीत सापडणार नाही. ते तोडणीहून परत येणाऱ्या टोळ्यांत, आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या सभांत, मुदत संपून घरी बसलेल्या सरपंच स्त्रियांत आहे. प्रत्येक तालुक्यात अशा दहा स्त्रियांची नावे आजच काढा, त्यांना शिबिरात बोलवा, सभेत बोलावयास उभे करा, आणि जिल्हा परिषदेच्या उमेदवारीची पहिली यादी त्यांच्यापासून सुरू करा. अहिल्यानगर या नावाला अर्थ द्यावयाचा असेल तर तो बारा मतदारसंघांत आणि त्याहून आधी गटागणांत द्यावा लागेल. फलक बदलून तो येणार नाही.