ऊर्जेची शाळा कारखान्यातच भरवू, पण फळ्याशी मास्तर हवेत



येत्या वार्षिक सभेपुढे एक साधा विषय यावा असे आमच्या ऊस विकास विभागाचे मत आहे. विषय असा की, सभासदांच्या आठवी ते दहावीत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी उन्हाळी सुट्टीत कारखान्याच्या आवारात पाच दिवसांचे ऊर्जा शिबिर घ्यावे, आणि ते परिसरातील जुन्याजाणत्या विज्ञान शिक्षकांच्या हाती सोपवावे. यावर कोणी म्हणेल, "ऊस खात्याला विजेची काय पडली आहे? तुम्ही बेणे बघा, खोडवा बघा." प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

ऊस हे मुळात उन्हाचे पीक. पानावर पडलेले ऊन कांडीत साठते, त्याची साखर होते आणि उरलेल्याचे चिपाड होते. एक टन ऊस गाळला की 280 ते 300 किलो बगॅस निघते. त्यात निम्मे पाणी असते, तरीही एक किलो बगॅसवर बॉयलरमध्ये साधारण दोन किलो वाफ तयार होते. त्याच वाफेवर टर्बाईन फिरते, त्याच वाफेवर रस आटतो. उच्च दाबाच्या बॉयलरचा सहवीज प्रकल्प असेल तर टनामागे शंभर युनिटच्या आसपास, चांगला चालला तर त्याहून जास्त, वीज निघते. मळीपासून इथेनॉल होते, आणि ते पेट्रोलमध्ये मिसळण्याचे 20 टक्क्यांचे उद्दिष्ट देशाने 2025 साली गाठले. म्हणजे सभासद हा नुसता साखरेचा धनी राहिलेला नाही, तो ऊर्जेचाही धनी झाला आहे. धन्याच्या पोराला मात्र वॅट आणि युनिट यांतला फरक सांगता येत नाही. वॅट हा नळाच्या धारेसारखा आणि युनिट हे भरलेल्या हौदासारखे, एवढी साधी गोष्ट दहावी पास झालेल्या मुलाच्याही गळी उतरलेली नसते.

त्याने बिघडते काय? बघा.

एक एकर उसाला साडेसात सेंटीमीटरची एक पाळी द्यायची तर सुमारे तीन लाख लिटर पाणी लागते. ते 15 मीटर खोल विहिरीतून वर आणायला नुसत्या हिशेबाने साधारण 12 युनिट ऊर्जा पुरते. मीटरवर मात्र त्याच कामाला 30 युनिट दिसतात, जुना पंप असेल तर 40 च्या वर जातात. मधली वीज गेली कुठे? ती गाळाने चोंदलेल्या फूटव्हॉल्व्हमध्ये, अरुंद पाइपात, नको तेवढ्या बेंडांत, दोनतीनदा रिवाइंड केलेल्या मोटारीत आणि झिजलेल्या इंपेलरमध्ये जाते. हा हिशेब आम्ही शिवारात सांगितला की मोठी माणसे मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी तोच पंप तसाच चालू करतात. पण मुलाने तो स्वतःच्या हाताने मांडला, बापाच्या विहिरीची खोली दोरीने मोजून मांडला, तर घरात त्यावर बोलणे होईल.

इथे लगेच हरकत येते. "बिल तर आता माफ आहे, वीज वाचवून कोणाचे भले करायचे?" साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल 2024 च्या एप्रिलपासून शासन भरते, हे खरे. पण जळालेली मोटार शासन भरून देत नाही. वीज आली रे आली की ऑटोस्विचमुळे पन्नास मोटारी एकदम उचल घेतात, कपॅसिटर एकालाही नसतो, मग डीपी जळते आणि आठ-आठ दिवस सगळा मळा तहानलेला राहतो. त्या आठ दिवसांत उसाचे जे नुकसान होते ते कुठल्याच बिलात दिसत नाही, टनेजमध्ये दिसते. शिवाय फुकटची वीज म्हणून पाणी सुटत राहिले की जमीन चिबड होते, खारवटते. अशा जमिनी आमच्या विभागाच्या नोंदीत आहेत, आणि एकदा बिघडलेली जमीन पूर्ववत व्हायला वर्षे लागतात.

त्याहून मोठी गोष्ट जिवाची. रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला बापाबरोबर पोरगेही जाते. ओल्या हाताने स्टार्टर दाबणे, काठीने फ्यूज बसवणे, अर्थिंगची तार तुटलेली असताना मोटारीच्या पेटीला हात लावणे, हे आपल्याकडे शौर्याचे काम समजले जाते. अर्थिंग कशासाठी असते हे ज्याला नीट कळले तो असे शौर्य करणार नाही. एका घरातले एक पोर यामुळे वाचले तरी शिबिराचा खर्च वसूल झाला, असे आम्ही समजू.

आता मुख्य मुद्दा. शिकवायचे कोणी?

कारखान्यात इंजिनियर आहेत, ते शिकवतील असे सहज वाटते. आमचे इंजिनियर आपल्या कामात तरबेज आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण बॉयलर चालवणे वेगळे आणि चौदा वर्षांच्या मुलाला बॉयलर समजावणे वेगळे. इंजिनियर दाब सांगतो, तापमान सांगतो, आकडे बरोबर असतात आणि मुले एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. वीसपंचवीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या मास्तरांना किंवा बाईंना पोर नेमके कुठे अडते ते ठाऊक असते. बहुतेक मुलांची समजूत असते की बल्ब करंट खाऊन टाकतो आणि उरलेला पुढे जातो. ही चूक पुस्तकातली व्याख्या पाठ करून जात नाही. दोन सेल, थोडी तार, दोन छोटे बल्ब मुलांच्या हाती देऊन, आधी काय होईल ते त्यांनाच सांगायला लावून, मग जोडून दाखवल्यावर जाते. चूक उत्तर आले तरी न रागावता पुढचा प्रश्न विचारणे, ही कला पदवीबरोबर मिळत नाही. ती वर्गात उभे राहून येते.

याला दाखले आहेत. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली 16 माध्यमिक शाळांतून विज्ञान शिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला. खेड्यातली मुले प्रयोग करून शिकत, आणि त्यांच्यासमोर उभे असत ते त्याच शाळांतले, खास तयारी केलेले शिक्षक. 2002 साली तो बंद करण्यात आला, पण तीस वर्षे त्याने दाखवून दिले की स्वस्त सामानावर चांगले विज्ञान शिकवता येते. आपल्या पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कालबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला. तिथे शेती, ऊर्जा व पर्यावरण, अभियांत्रिकी, घर व आरोग्य हे सगळे हाताने काम करत शिकवले जाते. आणि प्रवरानगरला 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यानंतर सहकाराने गावोगावी शाळा-कॉलेजेही काढली. शिक्षण हे कारखान्याचे काम नव्हे असे म्हणणाऱ्याने सहकाराचा इतिहास वाचलेला नाही.

शिबिरात काय असावे, याचा आमच्या मनातला आराखडा असा :

पहिला दिवस सेल, बल्ब, तार आणि मीटर. सगळे सेलवरच, घरच्या विजेला मुलांनी हात लावायचा नाही. घरातले बिल घेऊन यायचे आणि ते वाचायचे.

दुसरा दिवस पाण्याचा. विहीर मोजणे, पंपाची पाटी वाचणे, वर सांगितलेला हिशेब करणे. त्यातच ठिबकचे गणित : पाणी निम्मे धरा, पण दाबासाठी सुमारे 10 मीटर चढ जास्त धरा, मग 12 चे किती युनिट होतील? उत्तर दहाच्या आसपास येते. ठिबकने पाणी निम्म्याने वाचले तरी वीज निम्म्याने वाचत नाही, हे मुलांना कळले पाहिजे. खरे तेच सांगावे, जाहिरात करू नये.

तिसरा दिवस पाचटाचा आणि शेणाचा. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते, म्हणजे एकरी तीन-चार टन. त्यात अर्धा टक्क्याच्या आतबाहेर नत्र असते. साडेतीन टन पाचटात 15-16 किलो नत्र, म्हणजे 45 किलोच्या युरियाच्या गोणीचा जवळजवळ पाऊण भाग. तो युरिया करायला कारखान्यात नैसर्गिक वायू खर्ची पडतो. काडी लावली की नत्र उडते आणि सेंद्रिय कर्बही जातो. ते पिकाला एकदम मिळत नाही, कुजेल तसे मिळते, हेही सांगावे. दुपारी गोबरगॅस : एक घनमीटर गॅसला 25 किलो शेण लागते, तेव्हा ज्याच्या दावणीला एकच म्हैस आहे त्याने केवढे संयंत्र बांधावे?

चौथा दिवस कारखान्यात. मे महिन्यात गाळप बंद असते आणि दुरुस्तीची कामे चालू असतात. बॉयलरच्या नळ्या, टर्बाईनची पाती, मिलचे रोलर उघडे दिसतात. हंगामात जे बंद झाकणाआड असते ते मुलांना याच वेळी दाखवता येते. इंजिनियर आणि फिटर यांनी दाखवावे, प्रश्न मास्तरांनी काढून घ्यावेत.

पाचवा दिवस हिशेबाचा. एकरी 40 टन ऊस आणि टनाला 100 युनिट धरले तर 4,000 युनिट होतात. त्याच एकराला वर्षात 30 पाळ्या, पाळीला 30 युनिट धरले तर 900 युनिट लागतात. उरलेली वीज कुठे जाते, कारखान्याला स्वतःला किती लागते, बाहेर किती विकली जाते, हे मुलांनी विचारावे आणि आम्ही उत्तर द्यावे. उद्या हीच मुले सभासद म्हणून वार्षिक सभेत बसणार आहेत. अहवालातला सहवीजेचा आकडा वाचून प्रश्न विचारणारा सभासद कारखान्याला हवाच आहे.

जानेवारीत गाळप जोरात असताना याच मुलांना एक दिवस पुन्हा बोलवावे. त्या दिवशी ऊसतोड कामगारांची मुलेही बरोबर असावीत. ज्यांच्या आईबापांच्या अंगमेहनतीवर हे सगळे यंत्र सुरू होते, त्यांच्या मुलांना गेटाबाहेर ठेवून ऊर्जेचे धडे देणे आम्हाला पटत नाही. आणि निम्म्या जागा मुलींसाठी ठेवाव्यात. चूल, गॅस, पाणी यांचा रोजचा संबंध त्यांचाच जास्त येतो.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतील. हारतुरे नकोत, स्टेज नको, उद्घाटनाची दोन तासांची भाषणे नकोत. पाच दिवसांतला एक दिवस सत्कारात गेला तर चारच उरतात. पंप आणि सोलर विकणाऱ्या कंपन्यांचे बॅनर नकोत. त्यांनी माल जरूर विकावा, पण शाळेत नव्हे. आणि मास्तरांना फुकट राबवू नये, त्यांना योग्य मानधन द्यावे. निवृत्त झालेले कितीतरी शिक्षक गावात पारावर बसून आहेत, त्यांना मानाने बोलवावे.

खर्चाचे म्हणाल तर उदाहरणादाखल दीड लाख रुपये धरू. पाच लाख टन गाळपावर टनामागे 30 पैसे पडतात. एवढ्यात चहाचा एक घोटही येत नाही.

तेव्हा मंडळी, आपल्या गावात चांगले विज्ञान शिकवणारे मास्तर किंवा बाई कोण, हे तुम्हालाच ठाऊक. तुम्ही त्यांच्याच हाताखाली शिकला असाल. त्यांचे नाव आपल्या गट कार्यालयात कळवा, आणि सभेत हा विषय आला की हात वर करा. बेणे चांगले असेल तर पीक चांगले येते हे आम्ही तुम्हाला दर हंगामात सांगतो. या शिबिराकडेही त्याच नजरेने बघावे, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी