फ्रेझरवर अन्याय झाला तो झालाच!

साखळीच्या बाजारात चहाच्या हॉटेलात अली-फ्रेझरचा विषय निघाला की आमचे काका टेबलावर हात आपटायचे, "अली तो अलीच!" मला ते तेव्हा पटलं नाही, आजही नाही.

८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कात पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या ठोशाने अली आडवा झाला. तिन्ही पंचांचा कौल फ्रेझरलाच. हे सगळे विसरतात आणि जानेवारी १९७४ ची परतीची लढत तेवढी नाचवतात. त्या बारा फेऱ्यांत अली सारखा फ्रेझरची मान दाबून मिठी मारत होता, पंच बघत होते. याला उट्टं काढणं म्हणायचं? (दुसऱ्या फेरीत घंटा झाली समजून पंचाने अलीला मधेच थांबवलं, हेही खरं. काका ते दरवेळी काढायचेच.)

आपल्या कुस्तीत पाठ टेकली की वाद मिटला. १९७७ ला बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी सतपालला हरवलं, त्यावर कोण भांडतं? गुणांचा निकाल मात्र भांडण मागे ठेवतो.

१९७५ ला मनिलात जिंकला अली, मान्य. पण चौदाव्या फेरीनंतर नीट दिसत नसतानाही फ्रेझर उठायला तयार होता. एडी फचने त्याला बसवलं. अली ज्याला 'गोरिला' म्हणून हिणवायचा, तोच हा फ्रेझर. इथवर आलं की काका आणखी एक चहा मागवायचे.