चाळिशीचा चष्मा, पण कुठल्या अंतराचा?

अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता, ही गोष्ट आपल्याकडे एकाग्रतेचा धडा म्हणून सांगितली जाते. पिस्तुलाच्या नेमबाजीत तो धडा उलटा लागू पडतो. लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी चालते. स्पष्ट दिसायला हवी ती नळीच्या टोकावरची ‘फ्रंट साइट’. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धांत वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. या प्रकारातले गणित पाहिले की नजर साइटवर का हवी ते कळते.

पिस्तुलावरची मागची खाच आणि पुढची साइट यांत जास्तीत जास्त 22 सेंटीमीटर अंतर असते. पुढची साइट खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर 25 मीटरवर गोळी सुमारे 11 सेंटीमीटर बाजूला जाते. दहा गुणांचे वर्तुळ मात्र अवघे 5 सेंटीमीटर व्यासाचे! उलट दोन्ही साइट जुळलेल्या राहून सगळा हात सरळ एक मिलिमीटर सरकला, तर चूकही एक मिलिमीटरचीच.

डोळ्याला हातभर अंतरावरची साइट आणि 25 मीटरवरचे लक्ष्य एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही. तरुण वयात डोळ्यातले भिंग फुगून जवळचे दाखवते. चाळिशीनंतर ते ताठर होत जाते. अशा वेळी वाचनाचा चष्मा नेमबाजाच्या फारसा कामाचा नसतो. तो साधारण 40 सेंटीमीटरसाठी असतो आणि साइट त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर. म्हणून दूरच्या नंबरात अर्धा-पाऊण डायॉप्टरची भर घालून त्याला वेगळे भिंग दिले जाते.

नेमबाजाला हे लाड परवडतात. भिवंडीतल्या यंत्रमाग कामगाराचे काय? चाळिशी त्यालाही लागते. मागावर वाकून तुटलेला धागा शोधायचा, तो ओवायचा, चालत्या कापडातला दोष वेळीच टिपायचा, ही सगळी कामे पुस्तक वाचण्याच्या अंतरावरची नाहीत. मजुरी बहुधा विणलेल्या कापडावर मिळते, म्हणजे माग थांबला की पैसे थांबले. तरीही नेत्रतपासणी म्हटली की हातात अक्षरांचा तक्ता आणि ठरावीक नंबराचा तयार चष्मा. ज्याने वर्षानुवर्षे छापील ओळ वाचलेली नाही, त्याची जवळची नजर छापील ओळीवर तपासणे हा अजब प्रकार आहे.

जवळच्या चष्म्याने कमाईत किती फरक पडतो, हे आसामच्या चहामळ्यांत मोजले गेले आहे. चाळिशीपुढच्या 751 कामगारांवरचा तो अभ्यास 2018 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांची रोजची खुडणी, न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे 22 टक्क्यांनी वाढली. माग म्हणजे मळा नव्हे, हे खरे. पण डोळा तोच.

त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. तपासणाऱ्याने ‘काम काय करता?’ एवढे विचारावे, कामगाराला मागावर उभा राहतो तसे उभे करावे आणि डोळ्यापासून हातापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. तक्त्याऐवजी सुताचे दोन धागे समोर धरले तरी नंबर ठरवता येईल. शिबिरे भरवणाऱ्या संस्थांनी आणि माग मालकांनी निदान एका कारखान्यात हे करून पाहावे आणि महिन्याभराने कापड मोजावे.